उल्हासनगरची जीन्स आणि युरोपचं लेबल

दिवाळी जवळ आली की बदलापूरची ओळखीची पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, उल्हासनगरला युरोपियन ब्रँडची ओरिजिनल जीन्स मिळते का? मॉलमध्ये चार हजार सांगतात."

उत्तर सोपं आहे. ओरिजिनल हवी तर कंपनीच्या शोरूममध्ये सेल लागेपर्यंत थांबा आणि बिल घ्या. कॅम्पातल्या ढिगावर पाचशेला जी मिळते तिच्यावर लेबल तेवढं युरोपचं असतं. पण प्रश्न इथे संपत नाही, कारण "ओरिजिनल" म्हणजे कुठलं, हे शोधायला गेलं की माणूस फिरून मुंबईतच येतो.

आपण लहान मुलांना डंगरी घालतो. हा शब्द आपल्या डोंगरीचा. मुंबईच्या किल्ल्याजवळच्या डोंगरीत जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं, त्याला इंग्रज व्यापारी सतराव्या शतकापासून "डंगरी" म्हणू लागले. खलाशांचे, मजुरांचे कपडे त्याचे व्हायचे. युरोपात तेव्हा अशीच दणकट कापडं दुसऱ्या नावांनी होती. इटलीतल्या जिनोआ बंदरावरून "जीन" हे नाव आलं, आणि फ्रान्समधल्या नीम गावावरून "डेनिम", असं मानलं जातं. म्हणजे तीन गावं, आणि त्यातलं एक सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरून चालत जाण्यासारखं.

रंगाचंही तसंच. इंडिगो या शब्दातच हिंदुस्थान आहे. नीळ इथून जायची, आणि तिच्यापायी बिहार-बंगालच्या शेतकऱ्यांचे काय हाल झाले ते चंपारणमुळे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि पुढच्या वीसेक वर्षांत आपल्या निळीचा धंदा बसला. आज जीन्सला जो निळा रंग असतो तो बहुतेक ह्या कारखान्यातल्या निळीचाच.

आणि ज्यांनी 1873 मध्ये अमेरिकेत तांब्याच्या रिबिटवाल्या पँटचं पेटंट घेतलं, तो लेव्ही स्ट्रॉस जर्मनीत जन्मलेला आणि जेकब डेव्हिस हा शिंपी रिगाचा. दोघंही पोट भरायला घर सोडून गेलेले. हे मुद्दाम सांगतोय, कारण उल्हासनगरही अशाच लोकांनी उभं केलंय.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर लोकांना त्या बराकींत आणून ठेवलं. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प 1 ते 5 ही नावं मात्र आजही तशीच आहेत. जमीन नाही, भांडवल नाही, म्हणून माणसं लोकलमध्ये पापड-गोळ्या विकण्यापासून मिळेल ते करू लागली. तेव्हा परदेशी माल आणायला परवाना लागायचा आणि "इम्पोर्टेड" शब्दाला सोन्याचा भाव होता. ती भूक उल्हासनगरने ओळखली. "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद तिथलाच, आणि तो सांगताना तिथल्या माणसाला लाज वाटत नाही, थोडा अभिमानच वाटतो.

जीन्सचा धंदा कॅम्प 5 च्या बाजूला वाढला. एक कटिंग मास्टर, दहा-बारा मशीन, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, काज-बटण दुसरीकडे, वॉश तिसरीकडे, आणि पीसमागे थोडेसे पैसे घेऊन घरी बसून धागे कापणाऱ्या बायका. ह्या बायकांवर कुणी लिहीत नाही. तयार जीन्सच्या ढिगात स्वतःचं लेबल लावलेला प्रामाणिक माल भरपूर असतो. पण गिऱ्हाईक नाव मागतं, म्हणून दुसऱ्याचं नाव शिवलं जातं. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षांची कैद आहे, विकणाऱ्यालाही.

गंमत बघा. ज्या पेपे जीन्सला आपल्याकडे पक्की युरोपियन समजतात, ती 1973 मध्ये लंडनच्या पोर्टोबेलो रोडच्या बाजारात सुरू केली शाह आडनावाच्या तीन भारतीय वंशाच्या भावांनी. बाजारातला स्टॉल होता तो. फरक एवढाच की त्यांनी नाव स्वतःचं शिवलं. आमच्याकडे हात तेच असून कॅम्प 5 चं एकही नाव देशभर झालं नाही, याची मला खंत आहे.

आता वॉशचं बोलू, कारण खरा हिशोब तिथे आहे. शिवलेली जीन्स कडक आणि गडद असते. ती "जुनी" दिसावी म्हणून दगडाबरोबर, एन्झाइम आणि ब्लीचबरोबर मशीनमध्ये घुसळतात, मांडीवर परमँगनेट मारतात. तुर्कस्तानात यासाठी वाळूचा फवारा मारायचे. कामगारांना सिलिकोसिस होऊन माणसं दगावली, तेव्हा 2009 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ती जीन्स युरोपच्या दुकानांतही जात होती.

आपल्याकडे ते पाणी वालधुनीत गेलं. अंबरनाथला 1060 सालचं शिवमंदिर जिच्या काठावर आहे तीच ही नदी. केमिकल कंपन्या आणि गटारांनी ती आधीच मारली होती, वॉशने तिला रंग दिला. "वनशक्ती" संस्था हरित लवादात गेली, 2015 मध्ये लवादाने मोठा दंड लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, आणि पुढे उल्हासनगरच्या वॉश कारखान्यांची वीज-पाणी तोडायची वेळ आली. नदीसाठी हे हवंच होतं. पण हजारो लोकांचा रोजगार एका झटक्यात अडकला, आणि सामायिक शुद्धीकरण केंद्र आधी का उभं केलं नाही, हे कुठल्याही पुढाऱ्याने सांगितलं नाही.

वॉशशिवाय जीन्स विकली जात नाही, त्यामुळे मशीन कुठेतरी फिरणारच. वालधुनी कल्याणजवळ खाडीला मिळते, म्हणजे आजवर ती घाण आपल्या खालच्या अंगाला वाहिली. बदलापूर-अंबरनाथ पितं ते मात्र उल्हास नदीचं पाणी, आपल्याच बॅरेज धरणातून उचललेलं. वॉशचं एक मशीन बॅरेजच्या वर, एखाद्या गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालं, तर ती जीन्स आपण घालू आणि तिचं पाणीही आपणच पिऊ.

म्हणून माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज टाकतोय: अंबरनाथ तालुक्यात किती वॉश युनिटना परवानगी आहे, ती कुठल्या गावात आहेत, आणि सांडपाणी कुठे सोडतात. तुमच्या गावात असं शेड दिसलं असेल तर गावाचं नाव आणि नाल्याचा फोटो पाठवा. कामगारांचे चेहरे फोटोत नकोत.