अंगाला वायर न लावता झोपेची तपासणी : गादीखालची पट्टी काय सांगते, काय नाही

सणसवाडी (ता. शिरूर) : कारखान्यांमुळे आपल्या भागात पाळीत काम करणारे घरोघरी आहेत. शेतकऱ्याचं तरी काय वेगळं? शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की दारं धरायला मध्यरात्री उठावंच लागतं. त्यामुळे दिवसा पेंग आली तर जागरण झालं म्हणून सोडून देतात, आणि घोरणाऱ्याला गाढ झोप लागली असं समजतात.

पण जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, मग दचकून पुन्हा सुरू होणं हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण असू शकतं. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार कमी झाला की एक वेळ धरतात. तासाला अशा ३० किंवा जास्त वेळा म्हणजे आजार गंभीर. असा माणूस नगर रोडला गाडी चालवत असेल तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही.

याची पक्की तपासणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला, डोळ्यांजवळ, पायांना वायरी, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. एवढं लावून परक्या जागी झोप यायची कशी?

म्हणून बिनस्पर्शाची यंत्रं आली. बंगळूरच्या डोझी कंपनीची पट्टी गादीखाली ठेवतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अंगाला बारीक हादरा बसतो, श्वासाने छाती हलते. पट्टी ते टिपते आणि आकडे बिनतारी पुढे पाठवते. कोरोनाकाळात रुग्णालयांच्या वॉर्डांत ही पट्टी वापरली गेली. दुसरा प्रकार रडारचा. गूगलने २०२१ मध्ये आणलेलं नेस्ट हब उशाशी ठेवलं की मंद रेडिओ लहरी सोडून छातीची हालचाल ओळखतं.

मर्यादाही आहेत. नुसती पट्टी रक्तातला ऑक्सिजन मोजत नाही, त्याला बोटाचा चिमटा वेगळा लागतो. मेंदूच्या लहरी तिला दिसत नाहीत, त्यामुळे 'गाढ झोप इतके तास' हा अंदाजच. आपल्याकडे पोरं मध्ये झोपतात, तिथे कुणाची हालचाल कुणाच्या नावावर पडेल सांगता येत नाही. वायफाय गेलं तर आकडे अडकतात ते वेगळंच.

म्हणजे ॲपवर सगळं हिरवं दिसलं तरी घोरणं आणि दिवसाची पेंग चालूच असेल तर डॉक्टरांना दाखवावं. जाताना घरच्यांनी मोबाईलवर काढलेला झोपेतला व्हिडिओ न्यावा. त्यात श्वास थांबलेला दिसतो, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं.