महाराष्ट्र फिल्म कंपनींतील माणसें

एखादी लहानशी व्यापारी संस्था बुडाली म्हणजे तिचें दप्तर बांधलें जातें, यंत्रें विकलीं जातात आणि "कंपनी बसली" असें म्हणून लोक मोकळे होतात. त्या संस्थेंतून बाहेर पडलेलीं माणसें पुढें कोठें गेलीं, याची चौकशी मात्र क्वचितच होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा इतिहास आम्हांस याच बाजूनें पाहावासा वाटतो. तिच्या मूकपटांपैकीं आज कांहीं तुकड्यांखेरीज फारसें उरलेलें नाहीं. तेव्हां चित्रपटांवरून तिची किंमत करूं गेल्यास हातीं थोडेंच लागेल. माणसांवरून करूं गेल्यास हिशेब निराळा येतो.

कंपनीचे जनक बाबूराव पेंटर. ते व त्यांचे नात्यानें बंधु लागणारे आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत नांवाजलेले कारागीर होते. १९१३ सालीं फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' निघाला आणि या दोघांना चित्रपटाचें वेड लागलें. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो घरीं बनविण्याचा त्यांनीं उद्योग आरंभिला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरीहि बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें कॅमेरा सिद्धीस नेला. तानीबाई कागलकर या गायिकेनें भांडवलाला हातभार लावला. एका कलावंतिणीच्या पैशावर मराठी चित्रपटाचा हा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट आमचे इतिहासकार ओझरती सांगून पुढें जातात. ती तशी सोडण्याजोगी नाहीं.

१९२० सालीं 'सैरंध्री' पुण्यास लागला. त्यांतील कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला कीं तो पुढें कापावा लागला. १९२५ सालच्या 'सावकारी पाश' या चित्रांत नारायण हरि आपटे यांची कथा घेऊन बाबूरावांनीं जमीन गमावून गिरणींत येणारा शेतकरी दाखविला. त्या शेतकऱ्याचें काम करणारा तरुण म्हणजे शांताराम वणकुद्रे. गंधर्व नाटक मंडळींत थोडे दिवस उमेदवारी करून तो येथें आला होता.

या कारखान्यांत कामाची वांटणी अशी फारशी नसे. जो नट, तोच प्रसंगीं देखाव्याचें लाकूड उचली. रंग कालविणाऱ्याला फिल्म धुण्याचेंहि ज्ञान होई. जो कारखाना माणसाला एकच काम शिकवितो, त्याचा माणूस दुसरीकडे तेंच काम मागावयास जातो. जेथें सर्वच कामें डोळ्यांदेखत होतात, तेथला माणूस स्वतःचा कारखाना काढावयास निघतो. बाबूराव थोर कलावंत खरे, पण त्यांचें काम संथ, आणि चित्र मनाजोगें उतरेपर्यंत हातचें सोडावयाचें नाहीं असा त्यांचा स्वभाव. शिष्यांचे हात तयार झाले होते, मालकींत मात्र त्यांना वांटा नव्हता. अशा स्थितींत जें होतें तें झालें.

१९२९ च्या जून महिन्यांत दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम या चौघांनीं सीताराम कुलकर्णी या सराफांना बरोबर घेऊन कोल्हापुरांतच 'प्रभात' काढली. आमच्या मतें या बाहेर पडण्याची खरी मौज कोणीं काय नेलें यांत आहे. धायबरांनीं छायालेखन नेलें, फत्तेलालांनीं रंग व देखावे, शांतारामांनीं दिग्दर्शन, आणि दामल्यांनीं यंत्रांची जाण. बोलपट आल्यावर ध्वनिलेखनहि त्यांनींच हातीं घेतलें. पैशाची उणीव सराफांनीं भरून काढली. चार नोकर गेले असें म्हणण्यापेक्षां अवघी कंपनीच उठून पलीकडे जाऊन बसली असें म्हणणें अधिक खरें. मागें राहिले ते बाबूराव. १९३० नंतर दोन-तीन वर्षांतच त्यांच्या कंपनीचे दिवस भरले.

१९३२ सालीं प्रभातनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट दिला, आणि पुढच्या वर्षीं ती पुण्यास आली. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या चित्राचा व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. पेणचे दामले आणि कागलचे साहेबमामा फत्तेलाल, एक ब्राह्मण व एक मुसलमान, एकाच गुरूच्या पडद्यांपाशीं रंग कालवून मोठे झाले आणि त्यांनीं तुकोबा उभा केला, याचें आम्हांस मोठें अप्रूप वाटतें.

बाबूराव पेंढारकर हे जुन्या कंपनीचे व्यवस्थापक. 'अयोध्येचा राजा'मध्यें त्यांनीं गंगानाथाची भूमिका केली, आणि १९३६ सालीं मास्टर विनायक व पांडुरंग नाईक यांच्यासह 'हंस पिक्चर्स' काढून खांडेकरांची 'छाया' पडद्यावर आणली.

जें गुरूच्या घरीं घडलें तेंच शिष्यांच्या घरींहि घडलें. धायबर १९३६ च्या सुमारास प्रभातमधून निघाले; १९४२ सालीं शांताराम निघाले आणि मुंबईस परळला त्यांनीं 'राजकमल' उभारलें. दामले १९४५ सालीं निवर्तले. १९५३ सालीं प्रभात बंद पडली. १९६० पासून तिच्याच आवारांत सरकारची चित्रपटविद्या शिकविणारी संस्था चालत आली आहे. ज्या विद्येसाठीं कोल्हापुरांत कोणी दाखला मागत नसे, तिच्यासाठीं तेथें आतां प्रवेशपरीक्षा द्यावी लागते!

आणि बाबूराव? 'सावकारी पाश' त्यांनीं १९३६ सालीं बोलपटाच्या रूपानें पुन्हा काढला. १९४७ सालीं 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट त्यांनीं राजकमलमध्यें, म्हणजे आपल्या एकेकाळच्या उमेदवाराच्या वास्तूंत, दिग्दर्शित करावयास घेतला. त्या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून गुरुशिष्य दोघांचींहि नांवें आहेत. १६ जानेवारी १९५४ रोजीं बाबूराव वारले, तेव्हां त्यांच्या कंपनीला मिटून वीसांवर वर्षें झालीं होतीं.