निश्चलतेची अट : बालस्वभाव आणि प्रतिमाचित्रणातील गुंगी

वैद्यकीय प्रतिमाचित्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्रात निश्चल पडून राहण्याची अट ज्या बालकाला पाळावी लागली, त्याचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या सी. टी. यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. मेंदूच्या एकेका छेदास तेव्हा काही मिनिटे लागत. डोके जरा हलले तरी चित्र बिघडे. पुढे एम. आर. आय. आले. त्यात क्ष-किरण नाहीत. पण अरुंद पोकळीत, कर्कश ठोक्यांत बराच वेळ स्थिर राहणे आले. प्रौढांनाही जड जाणारी ही गोष्ट तीन वर्षांच्या मुलाला कशी साधावी? उत्तर औषधात शोधले गेले. १८६९ मध्ये लीब्राइख यांनी निद्राकारक म्हणून प्रचारात आणलेले क्लोरल हायड्रेट शतकानंतर स्कॅन-कक्षात रूढ झाले.

वस्तुतः बालस्वभावाचे शास्त्र सी. टी.पूर्वीच आकारास आले होते. अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे दीर्घकालीन अभ्यास आरंभून जुळवून घेण्याची क्षमता, प्रतिक्रियेची तीव्रता आदी ९ घटक मांडले. सुमारे ४० टक्के मुले सहज स्वभावाची, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी होती. उरलेली ३५ टक्के कोणत्याच गटात बसत नव्हती, हे पुढील लेखनात बहुधा विसरले जाते. अडचण एकट्या मुलात नसून मूल व परिस्थिती यांच्या मेळात असते, हे त्यांचे प्रतिपादन अधिक मोलाचे. स्कॅन-कक्षात मात्र रडणारे मूल ‘असहकारी’ ठरे.

गुंगीत श्वसन मंदावते. गुंगी दिलेल्या काही मुलांच्या दंतचिकित्सेदरम्यान झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकन बालरोग अकादमीने १९८५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा भर देखरेखीवर होता. गुंगी निष्फळ ठरण्यात स्वभावाचा वाटा आहे काय, हा प्रश्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये थेट विचारला. जुळवून घेण्याची क्षमता कमी असलेल्या मुलांत अपयश अधिक आढळले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ३ वर्षांखालील मुलांना दीर्घ वा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिल्यावर पर्यायांकडे अधिक लक्ष गेले.

तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेतच तपासता येते. मोठ्या मुलांकडून नकली यंत्रात सराव करून घेतला जातो. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला तो एकदाच पुरेल असे नाही. गर्दीच्या रुग्णालयात औषधाची मात्रा मिनिटात देता येते. सरावाला मात्र माणूस लागतो आणि वेळही.