पटल तंत्रज्ञान (औद्योगिक सांडपाणी)

पाण्यातील काही घटक पलीकडे जाऊ देणाऱ्या आणि बाकीचे अडवून धरणाऱ्या पातळ पापुद्र्याला पटल म्हणतात. अशा पटलांच्या साहाय्याने कारखान्यांच्या सांडपाण्यातून वापरण्याजोगे पाणी वेगळे काढण्याची पद्धती म्हणजे पटल तंत्रज्ञान. सूक्ष्म गाळण व अतिसूक्ष्म गाळण यांत तरंगते कण, जिवाणू आणि मोठे रेणू अडतात. नॅनो गाळणाची पटले सल्फेटसारखे द्विसंयुजी आयन मोठ्या प्रमाणात रोखतात, क्लोराइड मात्र बरेचसे जाऊ देतात. व्यस्त तर्षणात, म्हणजे व्यवहारातल्या ‘आरओ’त, विरघळलेले जवळजवळ सर्व क्षार मागे राहतात.

पटलाने विभागलेले पाणी स्वाभाविकपणे कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते, यास तर्षण म्हणतात. ते ज्या दाबाने थोपवता येते त्या तर्षण दाबापेक्षा अधिक दाब खाऱ्या बाजूवर दिला, की प्रवाह उलटतो. समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब सुमारे 27 बार असल्याने ते गोडे करण्यासाठी साधारणतः 55 ते 70 बार दाब लागतो. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात 1960च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचे असममित पटल बनवल्यावर ही पद्धती व्यवहारात आली. त्यानंतर पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर असलेली संमिश्र पटले रूढ झाली.

औद्योगिक सांडपाण्याची खरी अडचण तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या रंगकामात स्पष्ट दिसते. सुती कापडावर प्रतिक्रियाशील रंग बसवताना रंग धाग्याकडे वळावा म्हणून द्रावणात भरपूर मीठ किंवा सोडियम सल्फेट घालावे लागते. ते कापडात राहत नाही, धुण्याच्या पाण्याबरोबर सर्व बाहेर पडते आणि जैविक प्रक्रियेने त्याचे विघटनही होत नाही. हे पाणी वर्षानुवर्षे नोय्याल नदीत गेल्याने खालच्या अंगाच्या ओरत्तुपाळयम धरणातील साठा शेतीस निरुपयोगी झाला. शेतकऱ्यांच्या दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी 2011मध्ये तेथील रंगकाम कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि शून्य द्रव विसर्ग, म्हणजे आवाराबाहेर सांडपाण्याचा थेंबही न सोडणे, ही ते पुन्हा सुरू होण्याची अट ठरली. उद्योगाने स्वतःहून जे केले नव्हते, ते या आदेशामुळे करावे लागले.

या व्यवस्थेत जैविक प्रक्रिया, रंग काढणे व गाळण यांनंतर पाणी व्यस्त तर्षणाच्या एकापाठोपाठच्या टप्प्यांतून जाते. हजार लिटर सांडपाण्यात 6 किलो क्षार असतील आणि त्यातून 900 लिटर स्वच्छ पाणी काढले, तर ते 6 किलो उरलेल्या 100 लिटरांत येतात, म्हणजेच त्या द्रावणाची तीव्रता समुद्राच्या पाण्याच्या दीडपटीहूनही जास्त होते. त्यामुळे पाणी मिळवण्याचे प्रमाण जसजसे वाढते तसतसा लागणारा दाब चढतो आणि कॅल्शियम सल्फेट, कॅल्शियम कार्बोनेट व सिलिका यांची खपली पटलावर धरते. प्रवाह पटलाला समांतर खेळता ठेवणे, कठीणपणा आधी काढणे आणि आम्ल व अल्कली द्रावणांनी वेळोवेळी पटल धुणे ही दक्षता घेतली नाही, तर महागडी पटले अकाली निकामी होतात.

म्हणून पटल क्षार नष्ट करत नाही, फक्त एका जागी गोळा करते, हे या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवावे लागते. उरलेल्या तीव्र द्रावणासाठी जास्त दाब सोसणारी चकती-नलिका पटले, आयन-विनिमय पटले व विद्युत प्रवाह वापरणारे विद्युत अपोहन, किंवा जलविरोधी पटलातून केवळ बाष्प जाऊ देणारे पटल ऊर्ध्वपातन असे पर्याय आहेत, मात्र शेवटी बहुधा बाष्पक आणि स्फटिकीकरण यंत्रच लावावे लागते आणि प्रकल्पाच्या ऊर्जेचा मोठा वाटा तेथेच खर्ची पडतो. सल्फेट शुद्ध स्वरूपात मिळाले किंवा खारे द्रावणच पुन्हा रंगकामात वापरता आले, तर हा खर्च काही अंशी भरून निघतो. क्लोराइड व सल्फेट मिसळलेल्या क्षारांना मात्र गिऱ्हाईक नसते आणि पावसाचे पाणी लागू नये म्हणून ते आच्छादित जागेत साठवून ठेवावे लागतात.