चिटणिसांची विद्या आणि अमेरिकन पदवी

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, एखाद्या घरची मुलगी सांगते की तिला संगणकशास्त्र नको, ‘प्रोफेशनल रायटिंग’मध्ये मास्टर्स करायचे आहे. रांगेत क्षणभर शांतता पसरते. मग कोणी काका विचारतात, “म्हणजे नक्की शिकवतात तरी काय? लिहायला तर तुला येतेच की!” काकांचा हेतू वाईट नसतो. अभियांत्रिकी, वैद्यक किंवा हिशेबशास्त्र यांच्या जोरावर इथवर आलेल्या आपल्या पिढीला लेखन ही एक तर साहित्यिकांची देणगी वाटते, नाही तर कारकुनाची हमाली. या दोहोंच्या मधे शिकण्यासारखे काही असेल, अशी आपली समजूतच नाही. ही समजूत आपल्याकडे आली कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला. कारण मराठीचा इतिहास पाहिला तर ती अगदी अलीकडची आहे.

आधी इथली गोष्ट. आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये रस्त्याच्या दुतर्फा बिनखिडक्यांची डेटा सेंटरे उभी आहेत. आत कोणते यंत्र बसवले आहे यापेक्षा, ते रात्री दोन वाजता बंद पडले तर काय करायचे हे कागदावर कसे लिहून ठेवले आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. वाचणारा झोपेतून उठलेला असतो आणि लिहिणारा भेटणार नसतो. इथून जवळच, फेअरफॅक्सच्या जॉर्ज मेसन विद्यापीठात, अशा लेखनाचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो. हा विषय अमेरिकेत साहित्याच्या अंगणात उगवला असेल असे आपल्याला वाटते, पण तो वाढला अभियांत्रिकीच्या आवारात. १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांना चालना मिळाली. तिथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना पूल बांधता येई, पण पुलाचा अहवाल लिहिता येत नसे, ही तक्रार पुढे वाढत गेली. टफ्ट्स कॉलेजच्या सॅम्युअल चँडलर अर्ल यांनी १९११ मध्ये तांत्रिक लेखनावर पाठ्यपुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धात विमाने, रडार आणि तोफा यांच्या माहितीपुस्तिकांचे डोंगर उभे राहिले, आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सलिअर या तंत्रविद्यापीठात तांत्रिक लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

याची गरज काय, हे कल्पना चावलाच्या कोलंबिया यानाने दाखवून दिले. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेतला आणि तो वरिष्ठांपुढे पडद्यावर मांडला. त्यातले एक पान अपघाताच्या चौकशी समितीने आपल्या अहवालात मुद्दाम छापले आहे. उपलब्ध चाचण्या ज्या तुकड्यांवर झाल्या होत्या त्यांच्याहून हा तुकडा सुमारे सहाशे चाळीस पट मोठा होता. म्हणजे त्या चाचण्यांवरून काहीच निष्कर्ष काढता येत नव्हता. पण ही गोष्ट पानाच्या तळाशी, बारीक उपमुद्द्यात गेली होती, आणि मथळा मात्र दिलासा देणारा होता. वरिष्ठांना धोका जिवावरचा आहे हे त्या पानावरून कळणे कठीण होते, असा समितीचा आशय आहे. १ फेब्रुवारीला सात जण गेले. केवळ एका पानामुळे गेले असे कोणीच म्हणणार नाही, पण गणित बरोबर असूनही वाक्यरचना माणसाला कशी फसवते, याचा हा धडा आज वर्गात शिकवतात.

आता आपल्याकडे वळू. दस्तऐवज कसा लिहावा हे आपल्याकडे रीतसर शिकवले जात होते, आणि तेही कितीतरी शतके. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, तेराव्या शतकातला. मोडी लिपी त्यानेच आणली असे परंपरा सांगते. विद्वानांना ते मान्य नाही आणि मलाही ते देवळांप्रमाणे त्याच्या नावावर चिकटवलेले वाटते. मात्र त्याच्या नावावर चालत आलेली ‘मेस्तके’ खरी आहेत. मेस्तक म्हणजे कारकुनाची मार्गदर्शिका: कोणाला कोणता मायना लिहायचा, कागदाची मांडणी कशी करायची, हिशेब कसा ठेवायचा. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, बरोबरीच्या प्रतिष्ठितास ‘राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री’. नंतर ‘विनंती उपरी’ म्हणून मजकूर सुरू. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, आणि सरकारी कागद असेल तर ‘मोर्तब सुद’, म्हणजे यापुढे कोणी ओळ घुसवली तर ती बनावट. आपल्याला ही पाल्हाळिक शिष्टाई वाटते, पण तिला काम होते. पहिल्या ओळीतच लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते ठरे, आणि मजकूर कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे चुकत नसे. आमच्या क्षेत्रात निरोपाच्या पाकिटाला शीर्ष आणि शेपूट जोडतात, त्याचेच हे मोडीतले रूप.

पोरे कचेरीत बसून जुन्या कागदांच्या नकला करत आणि तिथेच शिकत. शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका बहुतेकांनी शाळेत ऐकली असेल: महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला सवड झाली नाही, तेव्हा त्यांनी कोऱ्या कागदावरून ते घडाघडा वाचून दाखवले. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना चिटणिसाची विद्या कशात आहे हे पक्के ठाऊक होते. या विद्येचे अवशेष पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ च्या दरम्यान त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, आणि तो त्या दप्तराचा लहानसा अंश.

या परंपरेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. ही विद्या काही घराण्यांच्या ताब्यात होती. मोडीत शब्द तोडत नसत, विरामचिन्हे नव्हती, आणि ज्याच्या जमिनीचा कागद त्यालाच तो वाचता येत नसे. महात्मा फुले यांनी कुलकर्ण्याच्या लेखणीवर जे कोरडे ओढले ते उगाच नव्हे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकरी नागवला जातो तो कागदाच्या वाटेनेही. लेखन सुबोध असावे ही मागणी मराठीत शैलीचे कौतुक म्हणून आलेली नाही. ती घर आणि शेत वाचवण्यासाठी आली.

इंग्रजी अमलात दोन गोष्टी एकदम झाल्या. एकीकडे छापील बाळबोध मराठी घडली. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यांचे सहकारी मेजर कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली. आज आपण जो स्वल्पविराम बेफिकीरपणे टाकतो तो तेव्हा समजावून सांगावा लागला. दुसरीकडे वरच्या कचेरीचे काम इंग्रजीत गेले. शिकलेला मराठी माणूस अहवाल, टिपण आणि अर्ज इंग्रजीत लिहू लागला, आणि मराठी राखून ठेवली निबंधासाठी, नाटकासाठी, कवितेसाठी. मोडी तलाठ्याच्या दप्तरात आणि वाण्याच्या वहीत स्वातंत्र्यापर्यंत टिकली, पण तिच्यातली विद्या पुढे नेणारे कोणी उरले नाही. रांगेतल्या काकांच्या प्रश्नाचे मूळ माझ्या मते इथे आहे.

याला एक मोठा अपवाद आठवतो आणि तो कारखान्यातला आहे. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. नांगर उत्तम होता, तो समजावून सांगणे बाकी होते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे पत्रक म्हणून. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ते घरोघर गेले, हे आपल्या आईवडिलांना सांगायला नको. पण आपण त्याची आठवण काढतो ती कथा-कवितांसाठी. नांगराविषयी मराठीत नीट लिहिण्याच्या खटाटोपातून ते जन्मले, याची नाही.

१९६० साली राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ चा ‘पदनाम कोश’, १९६४ चा राजभाषा अधिनियम, १९७३ चा ‘शासन व्यवहार कोश’. कष्ट प्रामाणिक होते. पण सगळा भर पडला शब्दांवर. आचार्य अत्र्यांनी पदनाम कोशाला ‘बदनाम कोश’ म्हटल्याचे सांगतात, ते ऐकून आपण हसतो. माझी तक्रार मात्र शब्द अवघड होते ही नाही. शब्द रुळतात, ‘महापौर’ आणि ‘नगरसेवक’ रुळलेच. शिवकाळातल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसीला संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी मसुदा, नक्कल, दाखला, अर्ज हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत, कारण ते लिहिणाऱ्यांच्या हातात होते. तयार शब्द हाती देऊन लिहिणारा तयार होत नाही. इंग्रजी मसुद्याचे वाक्य तसेच ठेवून त्यात मराठी शब्द बसवले, की सात ओळींचे एक वाक्य तयार होते आणि क्रियापद सापडेपर्यंत वाचणारा अर्जदार घरी परततो.

पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे आले ते वृत्तपत्रविद्येचे. त्यातही एक अमेरिकन धागा आहे: नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ च्या सुमारास पत्रकारितेचा विभाग उभा राहिला, तेव्हा सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्सली फुलब्राइट योजनेतून तिथे आले होते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. तिथून कितीतरी चांगले पत्रकार बाहेर पडले. पण बातमी लिहिणे वेगळे आणि औषधाच्या डबीतली सूचना, विम्याची अट किंवा धरणाचा पुनर्वसन आदेश लिहिणे वेगळे. बातमी न कळल्यास माणूस पान उलटतो. आदेश न कळल्यास त्याची मुदत निघून जाते. अमेरिकेने २०१० मध्ये सरकारी कागद सोप्या भाषेत असावेत म्हणून कायदाच केला, आणि तो अमलात आणायला या पदव्या घेतलेली माणसे हाताशी होती.

आता गंमत अशी की महाराष्ट्रात मोडी शिकवणारे वर्ग पुन्हा भरू लागले आहेत. काही जण इतिहासाच्या ओढीने येतात. पण मोडी वाचून देणाऱ्याकडे येणारे पुष्कळ लोक जमिनीचे कागद घेऊन येतात. पणजोबांच्या नावाचा दाखला, जातीची नोंद किंवा वाटणीपत्र हवे असते आणि तारीख जवळ आलेली असते. रुमाल सुटतो, पिवळा कागद पसरला जातो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कारकुनाने मायना कुठे संपवला आणि मजकूर कुठे सुरू केला, हे बोट ठेवून शोधले जाते.