अडीचशे वॉटची सीमारेषा

तीन वर्षांपूर्वी माझी बदली जबलपूरला झाली, म्हणजे एका अर्थी मी घरीच परतलो. रांझीला आमचे जुने घर अजून उभे आहे. माझे वडील गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. १९०४ साली स्थापन झालेला तो कारखाना, त्यानंतर खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी आणि १९७२ ची ग्रे आयर्न फाउंड्री, या साऱ्यांचा कामगार माझ्या लहानपणी मुख्यतः सायकलीवर कामाला जात असे. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि पुढची वीस मिनिटे रस्ता ओलांडणे अशक्य होई.

घर ते सिव्हिल लाइन्समधले कार्यालय हे अंतर सुमारे आठ किलोमीटर. सरकारी गाडीला हक्काने नकार द्यावा एवढा मी थोर नाही. पण डॉक्टरांनी गुडघ्याला हालचाल हवी, मात्र भार नको असे सांगितले, तेव्हा मी विजेची सायकल घेतली. मागच्या चाकात २५० वॉटची मोटर, ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी. पेडल मारले तर मोटर हातभार लावते, पाय थांबले की तीही थांबते.

पहिल्याच पावसाळ्यात घमापूरजवळ ती बंद पडली. पडद्यावर दिवा लागलेला, बॅटरी भरलेली, पण मोटर ढिम्म. शेजारीच सायकलचे दुकान होते. मिस्त्रींनी चाकाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "साहब, ये तो मोटरवाली गाड़ी है, हम हाथ नहीं लगाते." मी सायकल ढकलत पुढच्या स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथले मिस्त्री हसून म्हणाले, "साहब, ये तो साइकिल है."

घरी येईपर्यंत मी दोघांवरही चिडलो होतो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की दोघेही बरोबर बोलत होते. ही वस्तू सायकल आहे की मोटार, या प्रश्नाने आपल्या कायद्यालाही दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. तो इतिहास सांगण्यासारखा आहे.

मोटारींसाठी देशव्यापी कायदा प्रथम १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली. सायकल या कायद्यांच्या बाहेर होती. ती नगरपालिकेची प्रजा. अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि पावती म्हणून पत्र्याचा वा पितळेचा बिल्ला देत. वडिलांच्या सायकलीच्या दांड्याला असा एक बिल्ला होता. तो घासून लखलखीत ठेवणे हे माझे रविवारचे काम असे.

राज्यघटनेनेही हीच विभागणी मान्य केली. सातव्या अनुसूचीत यांत्रिक शक्तीने चालणारी वाहने समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीत आहेत, तर यांत्रिक शक्तीने न चालणारी वाहने राज्यसूचीच्या १३ व्या नोंदीत. म्हणजे वाहनाला इंजिन बसले की केंद्राचा कायदा त्याला लागू होऊ शकतो. इंजिन नसेल तर ते राज्याचे आणि त्याच्या नगरपालिकांचे. यांच्यामधली जागा घटनाकारांनी ठेवली नाही. ठेवण्याचे कारणही त्या वेळी नव्हते.

मधली जागा निर्माण केली ती छोट्या इंजिनांनी. पुण्याच्या कायनेटिकची लुना १९७२ साली आली तेव्हा तिला पेडलही होते आणि ५० सीसीचे इंजिनही. तरी कायद्याच्या दृष्टीने ती मोटार वाहनच होती. १९८८ च्या कायद्याने प्रथमच खालची मर्यादा आखली: चारपेक्षा कमी चाके आणि ३५ सीसीपर्यंतचे इंजिन असेल तर ते मोटार वाहन नव्हे. १९९४ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २५ सीसीवर आणली. लुना दोन्ही वेळा रेषेच्या वरच राहिली.

विजेच्या मोटरपुढे मात्र हे मापच निरुपयोगी ठरले. सीसी म्हणजे सिलिंडरमधली घनफळाची जागा. मोटरमध्ये सिलिंडरच नाही, मग सीसी कसली मोजणार? दरम्यान जगात ही वस्तू रुजू लागली होती. यामाहा कंपनीने १९९३ साली जपानमध्ये पेडलला साथ देणारी सायकल बाजारात आणली. चीनने १९९९ साली विजेच्या सायकलीचे राष्ट्रीय मानक ठरवले. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात पाव किलोवॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा घातली. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २००५ साली बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आली, तिची शब्दरचना या युरोपीय निर्देशाशी मिळतीजुळती आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर ते वाहन मोटार वाहन मानले जाणार नाही. पेडलच्या सायकलींसाठी आणखी अट अशी की वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी व्हावी आणि २५ किलोमीटरला, किंवा त्याआधी पाय थांबताच, ती पूर्ण बंद व्हावी.

'तीस मिनिटांची शक्ती' हे शब्द वाचकांनी लक्षात घ्यावेत. चढावर माझ्या सायकलीचा कंट्रोलर काही क्षण १५ अँपिअरपर्यंत प्रवाह देतो. ३६ व्होल्टने गुणले तर ५४० वॉट होतात. हा नियमभंग नव्हे, कारण नियम मोजतो ती न तापता अर्धा तास टिकणारी शक्ती. सामान्य माणूस सलग पेडल मारून १०० वॉटच्या आसपास शक्ती देतो. म्हणजे कायद्याने सायकलस्वाराला दोन-अडीच माणसांचे पाय उसने दिले आणि त्यापुढे थांबला. नियम करणाऱ्यांनी हा विचार नीट केला होता, हे मान्य केले पाहिजे.

या सूटीचा लाभ मोठा आहे. नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही, आरटीओचे खेटे नाहीत. आठ-दहा हजार पगाराच्या कंत्राटी कामगाराला या चार गोष्टींचा खर्च वाचणे म्हणजे काय, हे रांझीत राहिल्यावर समजते. मात्र प्रशासनाचा एक अलिखित नियम आहे: ज्याची नोंद नाही, त्याचा विचारही होत नाही. अशा सायकली 'वाहन' या राष्ट्रीय माहितीसाठ्यात दिसत नाहीत. २०१९ साली फेम योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा दुचाकीच्या अनुदानासाठी किमान ८० किलोमीटर पल्ला आणि ताशी ४० किलोमीटर वेग अशी अट घातली गेली. अनुदानही बॅटरीच्या क्षमतेवर, दर किलोवॉट-तासाला १० हजार रुपये. त्यामुळे मोठ्या बॅटरीला मोठे अनुदान मिळाले आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी वीज खाणारे वाहन योजनेबाहेर राहिले.

कराची कथा याहून मनोरंजक आहे. परिवहन कायद्यात जी सायकल आहे, ती करकायद्यात विजेचे वाहन आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागला, तर साध्या सायकलीवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता. दुसऱ्या दिवसापासून तोही ५ टक्के झाला. परंतु सायकलीची बॅटरी संपली आणि नुसती बॅटरी विकत घेतली, तर तिच्यावर १८ टक्के. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नवी वस्तू घेणाऱ्याला सवलत आणि जुनी टिकवणाऱ्याला दंड, असा हा संकेत आहे.

आता पुन्हा माझ्या बंद सायकलीकडे येतो. त्या रात्री मी ती पडवीत उलटी उभी केली आणि वडिलांच्या पद्धतीने, एका टोकापासून सुरुवात केली. बॅटरीचा व्होल्ट मोजला. दहा घटांची ही बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते आणि ३१ च्या आसपास स्वतःला बंद करते. माझी ४० दाखवत होती. फ्यूज ठीक, वायरींचे जोड कोरडे. मग पेडलजवळची चुंबकांची चकती पाहिली. ती पाय फिरल्याची खबर कंट्रोलरला देते आणि सेन्सरपासून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लांब सरकली तर खबर पोहोचत नाही. तीही जागेवर. शेवटी ब्रेक. अशा सायकलींच्या ब्रेकच्या दांड्यात एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटर तोडतो. पावसाचे पाणी आत शिरून डावा स्विच अडकला होता, आणि कंट्रोलरची समजूत होती की मी सतत ब्रेक दाबून बसलो आहे. जोड सुटा करताच चाक फिरले. स्विच काढून वाळवला, थोडे ग्रीस लावले. अर्ध्या तासाचे काम.

त्यानंतर मी बरेच शिकलो. मागच्या चाकात मोटरचे वजन असल्यामुळे स्पोक लवकर सैल पडतात, ते महिन्याला तपासावे. आसाचे नट घट्ट हवेत, नाहीतर मोटरच्या जोराने आस फिरून वायर पिळवटते. टायरमध्ये हवा कमी असेल तर पल्ला लक्षात येण्याइतका घटतो. लोक दोष बॅटरीला देतात. मे महिन्यात तापलेली बॅटरी लगेच चार्जला लावू नये, तासभर सावलीत निवू द्यावी. एका चार्जला घरची अर्धा युनिटही वीज लागत नाही.

पण हे मला जमले कारण माझ्याकडे वेळ, मल्टीमीटर आणि इंग्रजी वाचण्याची सवय होती. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाकडे यांपैकी काहीच नव्हते. तो एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. जुनी विजेची सायकल त्याने हौसेने घेतली. तिची मोटर अडखळू लागली तेव्हा कोणा ओळखीच्याने कंट्रोलर बदलून दिला आणि 'भेट' म्हणून वेगाची मर्यादाही काढून टाकली. सायकल ताशी चाळीसने धावू लागली. दोन महिन्यांनी पहाटेच्या अंधारात तिने रस्ता ओलांडणाऱ्या एका वृद्ध बाईंना धडक दिली. त्यांचा हात मोडला. पोलिसांनी विचारले, नंबर कुठे आहे, विमा कुठे आहे? तो म्हणाला, ही सायकल आहे. ती सायकल राहिली नव्हती. मर्यादा काढली त्या क्षणी ती विनानोंदणी, विनाविमा मोटार झाली होती आणि भरपाईचा सारा भार त्या मुलावर आला होता. बाईंच्या उपचारांसाठी त्याने कर्ज काढले. ते तो अजून फेडतो आहे. ही घटना केवळ जबलपूरची आहे असे समजू नये. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागालाही असे बेकायदा फेरबदल केलेल्या वाहनांविरुद्ध मोहीम घ्यावी लागली होती.

मोहिमा हव्यातच. पण मला प्रश्न पडतो तो आधीच्या टप्प्याचा. त्या मुलाला मोटर अडखळली त्या दिवशी जाण्यासारखे एखादे दुकान असते, तर तो त्या ओळखीच्याकडे गेला असता का?

म्हणून तीन लहान सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आयटीआयच्या माध्यमातून जुन्या सायकल मिस्त्रींसाठी पंधरा दिवसांचा अभ्यासक्रम असावा. ब्रेकचा स्विच, चकती आणि मल्टीमीटर शिकायला याहून अधिक वेळ लागत नाही. दुसरी, बदली बॅटरीवरचा कर वाहनाइतकाच असावा. तिसरी, चाचणी प्रमाणपत्राचा क्रमांक, वॉट आणि वेग सायकलीच्या सांगाड्यावर कोरलेला असावा, म्हणजे जुनी सायकल घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत ते कळेल. चीनने अशा सायकलींना मोटार मानले नाही, तरी नंबर दिला. आपण तिथवर जावे असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक नोंदणीमागे एक खिडकी येते आणि खिडकीमागे रांग. पण सांगाड्यावरच्या कोरीव अक्षरांना खिडकी लागत नाही.

घमापूरच्या सायकल मिस्त्रींकडे मी नंतर पुन्हा गेलो. अडकलेला स्विच त्यांना उघडून दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बस, इतनी सी बात थी?" आता तिथे अशा सायकली येतात. मल्टीमीटर मी दिला. वापरायला मात्र त्यांच्या मुलाने दोनच दिवसांत शिकून घेतले. वडिलांचा तो जुना बिल्ला मला घराच्या माळ्यावर सापडला आहे. माझ्या सायकलीवर त्याला कायद्याने काही अर्थ नाही, तरी दांड्याला बांधून ठेवला आहे.