रोजकीर्द ते लॉग : सर्व्हरच्या दफ्तराचे काय होणार?

१. पेशव्यांच्या फडात रोजकीर्द लिहिली जाई : दिवसाचा जमाखर्च, हुकुमांच्या नोंदी, सारे मोडीत आणि तारीखवार. हे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात टिकले.

२. आज तशीच रोजकीर्द लिनक्स सर्व्हर लिहितो. कोणते पान कोणी, केव्हा मागितले आणि ते मिळाले का, याची एकेक ओळ लॉगमध्ये पडते. व्यवस्थापक एसएसएचद्वारे दुरून सर्व्हरमध्ये प्रवेश करतो. ‘टेल’ आज्ञेने शेवटच्या ओळी वाचतो, ‘ग्रेप’ने हवा तो शब्द शोधतो, ‘डीएफ’ने डिस्कवरील उरलेली जागा पाहतो.

३. नोंदींनी डिस्क भरली तर संकेतस्थळच बंद पडू शकते. म्हणून ‘लॉगरोटेट’ असतो. डेबियन लिनक्सच्या मूळ मांडणीत अपाची सर्व्हरची वही रोज बदलते. जुन्या १४ वह्या राहतात, त्याआधीच्या आपोआप नष्ट होतात.

४. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश दिला. हेतू सायबर सुरक्षेचा, इतिहासाचा नव्हे.

५. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. पेशवाई बुडून तेव्हा शतक उलटले होते.

६. सर्व्हरची प्रत्येक ओळ जपणे इष्टही नाही. तीत वाचकांचा खासगी माग असतो. निवड सरदेसायांनाही करावी लागली. फरक इतकाच की त्यांच्यासाठी कागद शतकभर थांबले; सर्व्हरवरची निवड पंधरवड्याच्या आत करावी लागते, आणि ती व्यवस्थापकाच्याच हाती असते.